बोअर नंबर तीन

गारगोटीहून पाटगावकडं जाताना
सड्याच्या उतारावर एक हिरवा डाग आहे.
शेवाळ नव्हे. भर वैशाखातही हिरवाच.
जानू लांबोर त्याला मोरचूद म्हणायचा
आणि तिथल्या डबक्यावर म्हशी जाऊ द्यायचा नाही.
एवढंच त्याचं भूशास्त्र. ते कधी चुकलं नाही.

आम्ही गेलो शहात्तर साली, दिवाळी उलटल्यावर.
वसगडे साहेब, एक ड्रिलर, दोन खलाशी
(समुद्र न पाहिलेले),
आणि मी, पेटीत दगड ओळीनं मांडणारा.

वर जांभा, कुदळीला मऊ.
मग काळा फत्तर, दिवसामागून दिवस काळा फत्तर,
डायरीत लिहायलाही काही नाही.
पंचेचाळिसाव्या मीटरला पाण्याचा रंग बदलला.
पांढरी गार वर आली
आणि साहेबांनी पायातल्या चपला काढल्या.
म्हणाले, लाव्ह्याच्या खालची जमीन ही.
हिच्यावर लाटा आपटायच्या.
दगड मनगटाएवढा जाड, त्यावर लाट किती मावणार?
दोन बोटं.
मी ती अजून डोळ्यांपुढं आणू शकतो.

एकसष्ट मीटर सत्तरला पितळी रेघ लागली.
संध्याकाळपर्यंत गारगोटीच्या बाजारात तिचं सोनं झालं.
सरपंच नारळ घेऊन आले.
कोल्हापुरातून एक म्हातारा तांबट एसटीनं आला,
बंडू पोतनीस त्याचं नाव,
रेघेला जीभ लावून बराच वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, "हाय की. पर तांब्याभर बी न्हाई."

प्रयोगशाळेला हेच सांगायला पाच महिने लागले.
जाडी अकरा सेंटिमीटर, तांबं शेकडा शून्य पूर्णांक अडतीस.
एक नंबर कोरडा, दोन नंबर कोरडा.
शेवटचं वाक्य मीच टंकलं:
पुढील कामाची शिफारस नाही.

फाईल बांधताना तळाशी एक मोडी कागद सापडला,
संस्थानच्या वेळचा, वाळवीनं कडा खाल्लेला.
वाचून घेतला.
"तांबियाचा मासला काढिला. खर्च अधिक. काम बंद."
आमचा अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता.

पेट्या तिथंच राहिल्या. लाकूड चुलीत गेलं.
जानूच्या बायकोनं गारेचा एक चांगला तुकडा उचलला,
वीतभर, गुळगुळीत, सरकारनं कापलेला.
दीडशे कोटी वर्षांची वाळू
तिच्या पाट्यावर लसूण वाटते.
खोबरंही.

आणि तीन नंबरात, चौऱ्याहत्तर मीटरवर,
आमचा बिट अडकून तुटला. निघाला नाही.
त्याच्या तोंडात हिऱ्यांचे कण होते, बारीक, कामाचे.
म्हणजे त्या डोंगरात आज किमती असं काही असेल
तर ते आम्हीच ठेवून आलोय.
चौकशी झाली. माझ्या पगारातून
तीन हप्त्यांत सहासष्ट रुपये कापले.
पावत्या आहेत.