पारीवरचा कर्ण

फळा डावीकडे फुटलाय, म्हणून मॅट्रिक्स उजवीकडे सरकवून काढतो:
सात, उणे दोन, उणे एक.
उणे एक, पाच, उणे तीन.
उणे दोन, उणे एक, चार.

तिरकं बोट फिरवतो. सात, पाच, चार. हा कर्ण.
आता ओळीतली चिन्हं पुसा.
शेजारी देतो की ओढतो, ते विचारायचं नाही,
किती, एवढंच.
दोन आणि एक तीन, साताच्या पासंगालाही नाही.
एक आणि तीन चार. पाच जेमतेम वर.
"जेमतेम चालते का, सर?"
चालतं. दाणाभर जास्त असलं तरी चालतं.
मग उत्तर एकच, आणि फेऱ्या मारत गेलं तरी सापडतं.

का सापडतं, इथे माझं पाठांतर संपतं
आणि पंख्याची कुरकुर ऐकू येते.

देवांगना पुस्तोडे उठते.
"सर, हे त आमच्या तुडमाचा हाये."

तलावाला तीन तुडुमं. तिचे बाबा पाणकर.
पहिलं उघडलं की पहिला पाट भरतो,
बाकी दोन थोडे उतरतात.
"बाबा पहिला लावते, पारीनं चालत दुसरा, मंग तिसरा.
वापस येते त पहिला हाललेला.
पन मघापेक्षा कमी.
तिसऱ्या फेरीले बोटभर, चौथीले नखभर,
मंग बिडी पेटवते अन् घरी येते."

एका साली कोणी नव्या पाट्या ठोकल्या,
पहिल्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला.
बाबा तापानं पडलेले. भाऊ गेला पाट्या वाचत.
पहिल्या पाटासाठी तिसरं तुडुम फिरवायचा,
दर फेरीला पाणी जास्तच उसळायचं,
एक बांधी बुडाली, दुसरीला भेगा.
शेवटी आई गेली. तुडुमांना हात लावला नाही.
पाट्या तेवढ्या उपटून अदलाबदल केल्या.

"ओळी बदलल्या," मी हळूच म्हणतो.
"मोठा आकडा कर्णावर आणला."
"आईले कर्ण-बिर्ण नाई ठाऊक, सर."

खडू खिशात टाकतो. तिथे तो फुटतो.
परीक्षेला हे नाही, हे सांगायचं राहून जातं.
उलट विचारतो,
आणि बरोबरी झाली तर?
कर्णावर चार, बाकीचे मिळून चार?
पुस्तक म्हणतं, हमी नाही.
बसेल पाणी, नाहीतर नाही बसणार.

ती खिडकीतून तलावाकडे बघते.
"मंग बाबा रातभर पारीवरच निजते."