गेट नंबर दोनपासून

मोबाइल छातीशी धरून चालत गेले
गेट नंबर दोनपासून वसतिगृहापर्यंत.
व्हिडिओत माझा श्वास जास्त, रस्ता कमी.
इथे झेरॉक्स. इथे फी.
या खिडकीशी रांग लावू नका, ती उघडतच नाही,
शेजारच्या दारात शिरा सरळ.
जळगावचं ऊन मात्र दाखवता येत नाही.

धडगावच्या पुढून सायसिंग पावरानं
रात्री पावणेदोनला विचारलं,
ताई, मेसमध्ये भाकर मिळते का?
रेंजसाठी टेकडी चढलाय म्हणे,
व्हिडिओ तुकड्यातुकड्यानं उतरतोय,
जिना अजून यायचाय.

माझी यादी पुन्हा वाचली:
दाखला, उत्पन्नाचा, जातीचा, चार फोटो,
कुलूप स्वतःचं आणा.
भाकरीचं कुठेच नव्हतं.

सकाळी कौतिकबाई परातीशी बसलेल्या.
कॅमेरा बघून पदर सावरला,
हाताचं पीठ तसंच.
"काय सांगू त्याले?
ये म्हना. बेस्तवारले कयन्यानी भाकर ऱ्हास."

अकरा सेकंद. पाठवलं.
जिनाही पुन्हा काढला, लहान करून,
बावीस पायऱ्या, मोजत, मोठ्यानं.

संध्याकाळपर्यंत एकच खूण.
दुसरी उमटेल
तो टेकडी चढला की.