बशी एकच

अकरा जण होते माझ्या आधी.
मंगळवार पेठेतल्या वाचनालयात
वहीत माझं नाव घालताना सुनेत्रा म्हणाली,
"काका, गुऱ्हाळं पेटतील तुमचा नंबर येईस्तोवर."
पेटली.
पुस्तक हातात आलं तेव्हा पाठीचा डिंक सुटलेला,
इतक्या जणांनी इतक्या घाईनं उघडलेलं.

मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी.
छत्तीस वर्षं रव्यांची वजनं लिहितोय.
हिशेब जुळला नाही तर मला घास उतरत नाही,
म्हणून तर हा नाद, खुनाच्या कादंबऱ्यांचा.
शेवटी कुणीतरी बेरीज करतं
आणि फरक शून्य येतो.

पहिल्या रात्री ऐंशी पानं.
बायको म्हणाली, "दिवा मालवा की आता."
म्हटलं, "डॉक्टर मेलाय."
"मेलाय तर सकाळीही मेलेलाच असेल."

त्या ऐंशीत, त्रेसष्टाव्या पानावर,
पेन्सिल भेटली.
बारीक, उभं, जुन्या शाळेतलं अक्षर:
'कप दोन धुतलेत. बशी एकच. का?'
मी मागं गेलो. खरंच की.
मोरीवर दोन कप पालथे, शेजारी एकच बशी.
अंगावर काटा आला.
लेखक असावा तर असा, वाटलं,
एवढीशी वस्तू ठेवून गेलाय, कुणाला कळू न देता.

मग पेन्सिल आणि मी, दोघं बरोबर चालू लागलो.
पान एकशे चौदा: 'स्वयंपाकीण चहा बशीत ओतून पिते.'
पान एकशे सत्तर: 'म्हणजे त्या रात्री डॉक्टर तिच्याशेजारी बसला.
तिला या घरात कुणी खुर्ची दिलेली नाही.'
पान दोनशे बारा: 'तिनं मारलं नाही. तिला माहीत आहे.
ती बोलेल.'

त्यापुढं समास कोरे.

आणि दोनशे नव्वदाव्या पानावर, काय सांगू,
सिंगापूरहून डॉक्टरचा जुळा भाऊ आला.
तोवर त्याचा एक फोन नाही, फोटो नाही,
आईच्या तोंडून एक हुंदका नाही.
आला, कबूल झाला, कड्यावरून पडला.
स्वयंपाकीण शेवटच्या शंभर पानांत नाहीच.
तिचा पगारसुद्धा कुणी चुकता केला नाही.
बशी ठेवलेली नव्हती.
लेखकाच्या हातून सांडली होती.

आमच्याकडं येतो कधी असा गूळ,
पिवळाधमक, हायड्रॉस मारलेला.
सौद्यात त्याच्यावरच उड्या पडतात.
पावसाळ्यात तोच पाझरतो, पोतं चिकट करतो.
मी नखानं टोकरून सांगू शकतो.
पुस्तकाला नख कुठं लावायचं?
जावई विचारतात, "शेवट नादखुळा ना, मामा?"
म्हटलं, नाद गेला,
खुळा तेवढा राहिलो.

परत करायला गेलो, तर वही उघडीच होती.
अकरा नावं. अकरा संशयित.
अक्षर ओळखणं हा माझा धंदाच,
पण सगळ्या सह्या बॉलपेनच्या, घाईच्या.
फक्त सहावी, कुसुमावती उपाध्ये, बारीक, उभी.
परतीच्या रकान्यात मात्र सही दुसऱ्याची,
आणि पुढं शेरा: 'अनामत परत दिली.'

मी काही विचारलं नाही.
सुनेत्राही काही बोलली नाही,
डिंकाची बाटली शोधत राहिली.

खिशात अडतीवरची पेन्सिल होती.
शेवटच्या पानाखाली लिहिलं,
'ती बोलली नाही.'
वाचून पाहिलं. बरोबर वाटेना.
मध्ये बारीक अक्षरात 'अजून' घातलं.

"काका," सुनेत्रा म्हणाली,
"पुस्तकात लिहायचं नसतं."

"माहीत आहे," म्हटलं,
आणि पुस्तक पुढच्या नंबराच्या मुलीला दिलं.