पालकांची सही

शाळेतनं कार्ड आलंय, कन्नडमधलं.
मला वाचता येत नाही, वैजूच वाचून सांगतो:
वय दहा. वजन एक्कावन्न.
पुढचा शब्द तो गिळतो.
"असंच कायतरी लिहिलंय," म्हणतो.

माग चालू असला की धोट्यात हात घालू नये म्हणून
दहाचं पाकीट देऊन, मोबाइल देऊन
मीच बसवलंय त्याला कोपऱ्यात.
पगाराच्या दिवशी ह्यांनी उद्यमबागेतनं येताना
कुंदा आणायचा. लाड तेवढाच परवडतो.
वडगावच्या मैदानात कुणाकुणाच्या गाड्या.
पीटीचा तास गणितानं घेतला,
मास्तर तरी काय करणार.
आणि बसाप्पा दुकानातनं ओरडून सांगतो,
पोरं मागतात ते ठेवतो की मी!

सगळ्यांचंच खरं आहे.
कार्डावर जागा मात्र एकाच सहीची.

मी मराठीत करते, वाकडीतिकडी.
वैजू बोट ठेवून बसलाय त्या शब्दावर.
"आई, सांगू काय लिहिलंय?"

मी माग बंद करते.
शेजारचे चालूच.
"चप्पल घाल," म्हणते,
"चालता चालता सांग."