अक्षराला सात रुपये

अंतिम सामना साडेसातला संपला
आणि भांडण पावणेआठला सुरू झालं.
नायगावच्या मैदानामागची व्यायामशाळेची खोली,
गुंडाळून ठेवलेल्या चटया, भिंतीला टेकवलेली कुबडी,
टेबलावर ढाल, अजून नाव नसलेली.
आंतरमहाविद्यालयीन खो-खोची यंदाची सर्वोत्तम खेळाडू कोण,
हे तिघांनी ठरवायचं.
मी चौथा. माझ्याकडे घड्याळ. मत नाही.

प्रधान सर म्हणाले, खानोलकर.
तीन मिनिटं दहा सेकंद पळाली पोरगी,
उपांत्य फेरीत तर चार मिनिटांना टेकली.
आकडे खोटं बोलतात का?
कुलासो मॅडम म्हणाल्या, आकडे बोलतच नाहीत, सर,
त्यांच्या वतीनं तुम्ही बोलता.
मुकादम बघा. तहसीन. सहा गडी टिपले,
त्यातले दोन खांबावर सूर मारून,
कोपराची साल मैदानातच ठेवून आली.
पण हरली ना?
संघ हरला, सर. ती नाही.

तावडे दोघांच्या मध्ये.
कुणाच्याच बाजूचे नाहीत, सगळ्याच कॉलेजांचे मामा.
त्यांनी विचारलं, आजचं बघायचं की अख्ख्या मोसमाचं?
मग अर्धा तास तेवढंच.
डिसेंबरातला विरारचा सामना निघाला,
कुणाचा घोटा, कुणाचा ताप निघाला,
मागं एकदा ढाल कुणाच्या भाचीकडं गेली, तेही निघालं.
चहावर साय धरली.

माझ्या घड्याळातलं एक नाव मात्र कुणी काढलं नाही.
घाडीगावकर, पाठीवर अकरा नंबर.
एक मिनिट बावन्न सेकंद.
दुसऱ्या डावात मुकादमची बोटं तिला लागली,
किंवा तिच्या वेणीला,
किंवा नुसत्या वाऱ्याला.
पंच पाठमोरे. शिट्टी नाही.
आणि ही आपली हात वर करून चालत बाहेर.
मी कळ दाबली, अंगठा जरा उशिराच.

खाकरून म्हटलं, एक सांगू का, ती अकरा नंबरची
आपणहून बाहेर गेली.
प्रधान म्हणाले, दोन मिनिटांच्या आतली?
तावडे म्हणाले, खिलाडूवृत्तीचं वेगळं प्रशस्तिपत्र असतंय की,
लॅमिनेट करून.
मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं.
मग म्हणाल्या,
ती गेली म्हणून मुकादमचे सहा झाले. नाहीतर पाचच.

आपल्याच उमेदवाराचा एक गडी
त्यांनी असा टेबलावर काढून ठेवला,
आणि कुणालाच तो उचलता येईना.
प्रधानांनी विचारलं, मग पाच धरायचे?
मॅडम म्हणाल्या, लिहिलंय ते लिहिलंय.

दोन विरुद्ध एक. मुकादम.
प्रधानांनी सही केली, तारीख मुद्दाम चुकवल्यासारखी चुकवली.

बाहेर नळावर घाडीगावकर घोट्याची माती धूत होती.
विचारलं, काय गं, खरंच लागली होती बोटं?
ती म्हणाली, छे हो काका, दम लागला होता.
आणि हसली.
यातलं खोटं कुठलं,
तिथलं की इथलं,
मला अजून कळलेलं नाही.

सकाळी ढाल घेऊन लालबागला गेलो.
कोरणारा चष्म्यावरून बघत म्हणाला,
अक्षराला सात रुपये, जोडाक्षराला दहा.
तहसीन मुकादम. आठ अक्षरं, छप्पन्न रुपये.
सुनेत्रा घाडीगावकर
दहा रुपयांनी महाग पडली असती,
मी मोजून पाहिलं, उगाच.

तो म्हणाला, पट्टी खाली रिकामी राहतेय,
एखादी ओळ टाकू? शोभेल.
टाकाची टोक पितळेवर टेकलेलीच होती.

राहू दे, म्हटलं.
साल तेवढं घाल.