वगळून पाहिलं तर

समुद्रापलीकडच्या त्या केंद्राचा वार्षिक अहवाल आला
तेव्हा सोनेगावात सेहेचाळीस पूर्णांक दोन होतं
आणि कूलरमधलं पाणी संपलं होतं.
मी पानं उलटत निनावेंना वाचून दाखवत होते.

निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं,
तरी दर मंगळवारी येतात,
पेन्शनचं काहीतरी काम काढून.
ते काम काही संपत नाही.

सहाव्या दिवसाचा अंदाज, मी म्हटलं,
आता पूर्वीच्या पाचव्या दिवसाइतका पक्का झाला.
"किती वर्षं लागली?"
दहा.
ते बोटांवर काही मोजत राहिले.
"दहा वर्षांत एक दिवस. माझी नोकरी छत्तीस.
साडेतीन दिवस झाले माझ्या काळात.
काही वाईट नाही ना मग."

पुढच्या पानावर नकाशा.
पृथ्वीवर टाकलेली जाळी यंदा आणखी बारीक झाली.
पूर्वी एकाच चौकोनात नागपूर, कामठी, हिंगणा,
अंबाझरीचं पाणी अन् कोराडीची धुराडी,
सगळ्यांना मिळून एकच तापमान.
आता कामठीला स्वतःचा चौकोन.
"आमच्या साळ्याला सांगतो," निनावे म्हणाले,
"तिकडचाच आहे. उगाच फुगून जाईल."

"अन् हे काय करून राहिले?"

हे म्हणजे तो प्रयोग.
एकेक ठाणं वगळून बघतात,
वगळून आठवड्याचा अंदाज पुन्हा मांडतात:
हे नसतं तर किती चुकलो असतो?
तक्त्यात आम्ही होतो. बेचाळीस आठशे सदुसष्ट.
त्यापुढे दशांशचिन्ह, मग शून्यं,
बरीच शून्यं,
आणि शेवटी एक तीन.

मी पान उलटायला गेले.
त्यांनी त्यावर हात ठेवला.

कधीकाळी एका फेब्रुवारीत
हायड्रोजनच्या खोलीत गळती निघाली,
पहाटेचा फुगा सुटला नाही.
नोंदवहीत लाल शाईने 'नाही' लिहून ते घरी गेले
आणि पुढचे आठ दिवस
पेपरातल्या परदेशच्या बातम्या वाचत बसले:
कुठे अचानक बर्फ पडला का,
कुठलं जहाज बंदरातच थांबलं का.
हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं,
निरोप समारंभात, संत्रा बर्फी वाटता वाटता,
हसत नव्हत्या त्या.

फुगा तीस किलोमीटरवर फुटतो.
डबी खाली येते, हिवाळ्यात भंडाऱ्याकडे,
पावसाळ्यात काटोलकडे.
तिच्यावर लिहिलेलं असतं, घाबरू नये.
कुहीचा एक पोरगा एकदा ती सायकलला बांधून घेऊन आला
आणि विचारलं, वरती काय होतं?
"थंडी," निनावे म्हणाले. "उणे सत्तर. तुझ्या डोक्यावर, रोज."
मे महिन्यात पण?
"मे महिन्यात तर पक्की."
पोरगा बराच वेळ वर बघत उभा होता.
मग त्याने टोपी काढली.

"हा तीन," निनावेंनी आत्ता विचारलं,
"अधिक आहे का उणे?"

कारण काही ठाणी वगळली तर
अंदाज सुधारतो,
हेही त्याच पानावर होतं, खाली, बारीक अक्षरात.
मी म्हटलं, चिन्ह छापलेलं नाही.
ते चष्मा घरी विसरले होते.

पावणेपाचला फुगा भरून झाला.
पेन्शनचं बघतो म्हणत ते माझ्यामागे मैदानावर आले,
उन्हाने रबर हाताला चिकटत होतं,
दोरा त्यांनीच धरला. नियमात बसत नाही.
विमानतळाच्या बाजूने एक गरम झोत आला,
गेला.
"सोड."

पांढरा ठिपका. मग नुसती जागा.
मान दुखेपर्यंत आम्ही दोघं तिकडे बघत होतो.
"उमरेड," ते म्हणाले.
मी म्हटलं, कुही.
एक चहा लागला.