गधेगाळ

शिळा इथलीच, पर्वतीच्या पायथ्याची,
काळी, हट्टी.
वरच्या अंगाला आधी चंद्र कोरला, मग सूर्य.
तोवर कुणाचं भांडण नव्हतं.

माइदेव दंडनायक घोड्यावरूनच म्हणाला,
"लिही : मुठेच्या उताराचं सुंक
राजानं देवाला दिलं."
लिहिलं. मला वाचता येत नाही.
पंडित गेरूनं आखून देतो,
मी आखलेलं खोल करतो.

तिसऱ्या दिवशी मठातून व्योमराशी आले.
ओल्या जटा, अंगाला राख,
मागे छत्र धरणारं पोर.
ओळीवर बोट टेकवून म्हणाले, "दिलं?
नदी देवाची, उतार देवाचा. राजा कोण देणारा?
लिही : परत केलं."

एका शब्दापायी अख्खी ओळ तासली.
बोटभर दगड गेला.

दंडनायकानं मठाचं तेल अडवलं,
मठानं संकल्पातून राजाचं नाव गाळलं.
अकरा रात्री पुनवडीच्या देवळात दिवा नाही.
उतारावर दोन्हीकडचे पाईक;
लोहगावचा तेली दोनदा सुंक भरून
रिकाम्या बुधल्याला शिव्या देत गेला.

मी "दिलं" कोरलं. तासलं.
"परत केलं" कोरलं. तासलं.
शिळा मधोमध खचत गेली,
हात फिरवला तर द्रोण लागायचा.

देमाई भाकर घेऊन आली, म्हणाली,
"मोल कोण देणार?"
दंडनायक म्हणतो, देवाचं काम आहे.
आचार्य म्हणतात, आज्ञा तर राजाची.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं लगेच जमलं :
खाली शिवी हवी.
हे जो मोडील, त्याच्या मायेला गाढव.
'हे' म्हणजे काय, ते वर तासलेलं.
तरी दोघांनी ती पंडिताकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली,
समाधानानं माना हलवल्या.
गाढवाला गेरू लागला नाही.
कुंभाराचं समोर चरत होतं,
त्याच्याकडे बघत कान काढले.

शिळा अजून उभी केली नाही.
तोंड मठाकडे की वाड्याकडे, ते ठरायचंय.
उताराशी उताणी पडलीय.
खळग्यात पाणी साचतं,
कुंभाराचं गाढव संध्याकाळी येतं,
सूर्याच्या बाजूनं तोंड घालून
सावकाश पितं.
मी हाकलत नाही.